एका /२४ ची गळती : २००८ चं यूट्यूब प्रकरण, पाच राउटरवर पुन्हा उभं केलेलं

२२ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकम्युनिकेशन ऑथॉरिटीने तिथल्या इंटरनेट पुरवठादारांना यूट्यूबवरचा एक व्हिडिओ बंद करण्याचा आदेश दिला. आदेशात व्हिडिओचा दुवा आणि तीन आयपी पत्ते होते: २०८.६५.१५३.२३८, २०८.६५.१५३.२५१ आणि २०८.६५.१५३.२५३. दोन दिवसांनी पाकिस्तान टेलिकॉमच्या राउटरमधून बाहेर पडला तो २०८.६५.१५३.०/२४ हा २५६ पत्त्यांचा आख्खा गट. शिवाय तो देशाच्या हद्दीत थांबला नाही. पुढचे सव्वादोन तास जगातल्या मोठ्या भागातून यूट्यूबकडे निघालेली पॅकेट पाकिस्तानात जाऊन नाहीशी होत राहिली.

हे प्रकरण वर्गात पाच मिनिटांत उरकलं जातं: "कोणीतरी चुकीचा रूट जाहीर केला." खरं तर बीजीपी (वेगवेगळ्या जाळ्यांचे राउटर एकमेकांना वाटा कळवतात तो प्रोटोकॉल) लिहिताना आणि तपासताना जे काही चुकतं, त्यातलं बरंच या एका रविवारात बघायला मिळतं. म्हणून ते लॅबमध्ये उभं करावं, टप्प्याटप्प्याने बिघडवावं आणि प्रत्येक टप्प्याला कोणत्या आज्ञेने काय दिसतं ते पाहावं.

घडामोडींचा क्रम (वेळा यूटीसी, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली होती)

त्या दिवसभर यूट्यूब (एएस ३६५६१; एएस म्हणजे इंटरनेटवरचं एक स्वतंत्र जाळं, आणि हा त्याचा क्रमांक) २०८.६५.१५२.०/२२ हा १०२४ पत्त्यांचा गट जाहीर करत होतं. तो आधीही होता, नंतरही राहिला.
१८:४७ – पाकिस्तान टेलिकॉम (एएस १७५५७) २०८.६५.१५३.०/२४ जाहीर करतं. त्यांचा अपस्ट्रीम, म्हणजे वरचा पुरवठादार, हाँगकाँगची पीसीसीडब्ल्यू ग्लोबल (एएस ३४९१), तो पुढे पाठवतो.
२०:०७ – यूट्यूब स्वतः तोच /२४ जाहीर करतं.
२०:१८ – यूट्यूब त्याचे दोन अर्धे, २०८.६५.१५३.०/२५ आणि २०८.६५.१५३.१२८/२५, जाहीर करतं.
२०:५१ – पाकिस्तानच्या /२४ च्या एएस पाथमध्ये (वाटेतल्या एएसच्या यादीत) १७५५७ आणखी एकदा जोडलेला दिसतो.
२१:०१ – पीसीसीडब्ल्यू एएस १७५५७ कडून आलेले सगळे प्रीफिक्स (पत्त्यांचे गट) मागे घेते. प्रकरण संपतं.

पहिल्या आणि दुसऱ्या हालचालीत ऐंशी मिनिटं गेली. त्याचं एक कारण लॅबमध्ये आपोआप दिसेल.

/२२ जागेवर असून वाट चुकली कशी

बीजीपी शिकताना निवडीचे नियम पाठ होतात: लोकल प्रेफरन्स (एखाद्या वाटेला आपण दिलेली पसंती, मोठा आकडा वरचढ), एएस पाथची लांबी, ओरिजिन, एमईडी आणि पुढचे. परीक्षेपुरतं ते ठीक. पण हे सगळे नियम एकाच प्रीफिक्सच्या दोन वाटांमध्ये लागतात. /२२ आणि /२४ हे बीजीपीच्या लेखी दोन वेगळे प्रीफिक्स आहेत, त्यांची आपसात स्पर्धाच नाही. दोन्ही आपापल्या जागी 'सर्वोत्तम' ठरतात, दोन्ही रूटिंग टेबलमध्ये बसतात. मग पॅकेट आलं की राउटर सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स (तिरप्या रेषेपुढचा आकडा सर्वांत मोठा, म्हणजे गट सर्वांत लहान) उचलतो. तिथे /२४ जिंकतो, त्याचा पाथ पाच एएसचा असला तरी.

नल रूट बाहेर कसा सांडतो, हेही नीट बघायला हवं. पत्ता अडवायचा म्हणून 'नल०' कडे जाणारा, म्हणजे पॅकेट टाकून देणारा, स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट लिहिणं ही जगभरची रीत आहे, तिच्यात वावगं काही नाही. अडचण त्याच्या शेजारच्या ओळीत असते. पुरवठादाराच्या राउटरवर ग्राहकांचे आणि स्वतःच्या गटांचे रूट बहुधा स्टॅटिकच असतात आणि ते बीजीपीत घेण्यासाठी 'रिडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक' ही ओळ आधीपासून बसलेली असते. तिच्यावर रूट-मॅप (कोणता रूट घ्यायचा, कोणता गाळायचा याचे नियम) नसेल, तर आज लिहिलेला नल रूट आणि गेल्या वर्षी लिहिलेला ग्राहकाचा रूट यांच्यात बीजीपीला काही फरक दिसत नाही. ज्याने नल रूट लिहिला त्याने बीजीपीला हातही लावलेला नसतो. म्हणूनच ही चूक लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

लॅबची मांडणी

एफआरआर (राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर) चालवणारे पाच कंटेनर किंवा पाच लहान व्हर्च्युअल मशीन पुरतात. खरे एएस आणि खरे पत्ते वापरू नका. लॅबची तार चुकून बाहेर जोडली गेली तर तुमचंच प्रकरण होईल. खाजगी एएस आणि १० ने सुरू होणारे पत्ते घ्या. शेवटचे आकडे मूळ प्रकरणासारखे ठेवले की डोकं कमी फिरतं.

आर१ – यूट्यूबच्या जागी, एएस ६५३६१, गट १०.६५.१५२.०/२२
आर२ – पाकिस्तान टेलिकॉमच्या जागी, एएस ६५१७५, स्वतःचा गट १०.२.०.०/२२
आर३ – पीसीसीडब्ल्यूच्या जागी, एएस ६५३४९, गट १०.३.०.०/२४
आर४ – दुसरा मोठा पुरवठादार, एएस ६५१००, गट १०.४.०.०/२४
आर५ – पाहणारा, एएस ६५२००, गट १०.५.०.०/२४

जोडण्या पाच: आर१–आर४, आर२–आर३, आर३–आर४, आर३–आर५, आर४–आर५. जोडणीचा पत्ता राउटरच्या क्रमांकावरून द्या: आर२–आर३ साठी १०.०.२३.०/२४, त्यात आर२ ला .२ आणि आर३ ला .३. आर५ हा आर३ आणि आर४ दोघांचा ग्राहक आहे, म्हणून त्याने दोघांना फक्त स्वतःचा १०.५.०.०/२४ द्यायचा. हे विसरलात तर आर५ दोन पुरवठादारांमधला पूल बनतो आणि तोच आजार लहान रूपात लॅबमध्ये सुरू होतो.

आर१ वर १०.६५.१५३.२३८/३२ हा लूपबॅक (कुठल्याही तारेला न बांधलेला, राउटरचा आतला पत्ता) ठेवा, पिंगला उत्तर द्यायला कोणीतरी हवं. त्याच राउटरवर १०.६५.१५२.०/२२ चा नल रूट टाका, कारण 'नेटवर्क' ही ओळ टेबलमध्ये तंतोतंत तसाच प्रीफिक्स असेल तरच तो जाहीर करते. लूपबॅकचा /३२ जास्त लांब असल्याने पिंग नल मध्ये जात नाही. लांब प्रीफिक्स जिंकतो हे इथेच पहिल्यांदा दिसतं.

बाकी प्रत्येक राउटरच्या लूपबॅकला त्याच्या गटातला .१ द्या. पिंग आणि ट्रेसराउट त्याच पत्त्यावरून काढायचे. जोडण्यांचे पत्ते बीजीपीत नाहीत, त्यामुळे त्यांवरून निघालेल्या पॅकेटला परतीची वाट मिळत नाही आणि माणूस अर्धा तास भलतीकडे शोधत बसतो. लिनक्सचा 'आरपी फिल्टर' कडक असेल तर जाण्यायेण्याची वाट वेगळी झाली की पॅकेट गुपचूप टाकलं जातं. तो सैल करून ठेवा.

आर२ वरची मूळ रचना अशी (आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत):

आयपी रूट १०.२.०.०/२२ नल०
राउटर बीजीपी ६५१७५
 नो बीजीपी ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसी
 नेबर १०.०.२३.३ रिमोट-एएस ६५३४९
 अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ युनिकास्ट
  रिडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक

तिसऱ्या ओळीकडे लक्ष द्या. २०१७ च्या आरएफसी ८२१२ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) ने ठरवलं की धोरण लिहिलेलं नसेल तर बाहेरच्या शेजाऱ्याला रूट द्यायचाही नाही आणि त्याच्याकडून घ्यायचाही नाही. आजचा एफआरआर ते पाळतो. ती ओळ न लिहिता शेजार जोडला तर सेशन व्यवस्थित उभं राहतं, पण 'शो बीजीपी समरी' मध्ये मिळालेल्या रूटच्या आकड्याऐवजी 'पॉलिसी' हा शब्द दिसतो. 'सेशन उभं आहे पण रूट येत नाहीत' या तक्रारीचं नव्या एफआरआरमधलं हे सर्वांत साधं कारण. आपल्याला २००८ चं वातावरण हवं आहे म्हणून पाचही राउटरवर ही अट काढली. खऱ्या जाळ्यात ती काढू नका.

आर३ वर एक गोष्ट जास्तीची: आर२ आणि आर५ कडून येणाऱ्या रूटना लोकल प्रेफरन्स २००. पुरवठादार ग्राहकाकडून आलेली वाट इतरांपेक्षा वर ठेवतात, कारण त्या वाटेचे पैसे मिळतात. या एका ओळीवर पुढची सगळी गंमत अवलंबून आहे.

पहिला टप्पा: सगळं ठीक असताना

आधी निरोगी अवस्थेची नोंद घ्या. बिघाडानंतर 'पूर्वी काय दिसत होतं' हे कोणालाच आठवत नाही. आर५ वर

शो बीजीपी आयपीव्ही४ युनिकास्ट १०.६५.१५३.२३८

ही आज्ञा द्या. प्रीफिक्स न लिहिता पत्ता लिहिला की त्याला झाकणारा सर्वांत लांब प्रीफिक्स समोर येतो. इथे /२२ दिसेल, दोन वाटांसह: '६५१०० ६५३६१' आणि '६५३४९ ६५१०० ६५३६१'. पहिली लहान म्हणून ती निवडलेली. ट्रेसराउट दोन पायऱ्यांत संपतो, आर४ आणि मग खुद्द १०.६५.१५३.२३८.

दुसरा टप्पा: एक ओळ

आर२ वर लिहा:

आयपी रूट १०.६५.१५३.०/२४ नल०

एवढंच. बीजीपीच्या भागात काही बदललेलं नाही. काही क्षणांत आर५ वर तीच आधीची आज्ञा /२४ दाखवते, निवडलेली वाट '६५३४९ ६५१७५' आणि ओरिजिन 'इनकम्प्लीट'. ओरिजिन म्हणजे रूट बीजीपीत कसा शिरला याची नोंद, आणि 'इनकम्प्लीट' ही तो रिडिस्ट्रिब्यूट होऊन आल्याची खूण (पूर्ण टेबलमध्ये ती प्रश्नचिन्ह म्हणून दिसते). पुढे ते उपयोगी पडतं. ट्रेसराउटमध्ये आर३ दिसतो आणि त्यानंतर फक्त तारे.

आता आर५ वर प्रीफिक्स लिहून विचारा: शो बीजीपी आयपीव्ही४ युनिकास्ट १०.६५.१५२.०/२२. उत्तर पहिल्या टप्प्यासारखंच, जसंच्या तसं! दोन वाटा, निवडलेली बरोबर, सगळं हिरवं. ऐंशी मिनिटांचं जे कारण म्हटलं ते हेच. ज्याचा गट पळवला गेला तो स्वतःच्या जाहीर केलेल्या प्रीफिक्सवर नजर ठेवतो, आणि त्या प्रीफिक्सला काहीच झालेलं नसतं. सेशन पडलेलं नसतं, सर्व्हर चालू असतो, फक्त लोक येईनासे होतात. विचारायची आज्ञा ही:

शो बीजीपी आयपीव्ही४ युनिकास्ट १०.६५.१५२.०/२२ लाँगर-प्रीफिक्सेस

ती खुद्द आर१ वर चालवली तरी दुखणं सापडतं, कारण आर४ कडून तो परका /२४ आर१ लाही पोहोचलेला असतो: '६५१०० ६५३४९ ६५१७५'. आपल्या गटाच्या पोटात दुसऱ्याचा प्रीफिक्स दिसला की घंटा वाजावी, अशी देखरेख प्रत्येक पुरवठादाराकडे हवी. बाहेरून बघायला राइप एनसीसी या नोंदणी संस्थेची राइपस्टॅट सेवा आहे, तिथे जगभरच्या संग्राहकांना एखादा प्रीफिक्स कुठून दिसतो ते कळतं. स्वतःच्या टेबलवर भागवू नका. चुकीचा रूट तुमच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही, विशेषतः तुमच्या अपस्ट्रीमने तो गाळला असेल तर.

तिसरा टप्पा: २०:०७ चा उपाय आणि त्याची मर्यादा

आर१ वर १०.६५.१५३.०/२४ चा नल रूट टाका आणि 'नेटवर्क' ओळीने तो जाहीर करा. आता एकाच प्रीफिक्सचे दोन दावेदार झाले, म्हणजे पाठ केलेले नियम आता कुठे कामाला लागतात. प्रत्येक राउटरचा निकाल वेगळा येतो.

आर४ ला आर१ कडून '६५३६१' ही एका एएसची वाट मिळते, चोरट्याची (आर२ ची) दोनची. आर४ सुटला.

आर५ कडे दोन वाटा येतात: '६५३४९ ६५१७५' आणि '६५१०० ६५३६१'. दोन्ही दोनच्या. लांबीवर बरोबरी, म्हणून राउटर ओरिजिन बघतो. आर१ ने 'नेटवर्क' वापरलं म्हणून त्याचा ओरिजिन 'आयजीपी', चोरट्याचा 'इनकम्प्लीट'. 'आयजीपी' वरचढ, म्हणून आर५ सुटला, पण अगदी काठावर. करून बघण्यासारखं आहे: आर२ वर रिडिस्ट्रिब्यूट काढून तिथेही 'नेटवर्क' लिहा आणि आर१ चा /२४ काढून पुन्हा जाहीर करा. आता ओरिजिनही सारखा होतो. मग एफआरआर आधी निवडलेली बाहेरची वाटच धरून ठेवतो आणि आर५ चोरट्याकडेच राहतो. पीडिताची सुटका चोरट्याच्या एका अक्षरावर अवलंबून! हा प्रयोग झाला की आर२ पूर्ववत करा.

आर३ मात्र हलत नाही. त्याला '६५१७५' वाट लोकल प्रेफरन्स २०० ने मिळाली आहे आणि तो नियम लांबीच्या आधी लागतो. आर३ वरून, आणि फक्त त्याच्यामार्गे जोडलेल्या सगळ्या ग्राहकांकडून, पॅकेट अजून आर२ च्या नल मध्येच जातात.

२०:५१ ला दिसलेली जोडणीही इथेच करून घ्या. आर२ वर बाहेरच्या रूट-मॅपमध्ये 'सेट एएस-पाथ प्रीपेंड ६५१७५' लिहिलं की आर५ कडे चोरट्याची वाट तीनची होते आणि आर५ ओरिजिनच्या मेहेरबानीशिवाय सुटतो. आर३ वर परिणाम शून्य. प्रीपेंडने लोकल प्रेफरन्स हरत नाही. हे माहीत असूनही लोक तासन् तास प्रीपेंड वाढवत बसतात.

चौथा टप्पा: /२५

आर१ वरून १०.६५.१५३.०/२५ आणि १०.६५.१५३.१२८/२५ जाहीर करा (नल रूट दोन्हींसाठी आधी हवेच). आता आर३ सुद्धा सुटतो, कारण हे पुन्हा वेगळे, अधिक लांब प्रीफिक्स आहेत आणि लोकल प्रेफरन्सचा प्रश्नच उद्भवत नाही. चोरट्याने जो नियम वापरला तोच त्याच्यावर उलटवला.

एक मजेशीर बाब: याच क्षणी आर२ वर 'शो आयपी रूट १०.६५.१५३.२३८' विचारा. त्याच्या स्वतःच्या नल /२४ ऐवजी बीजीपीतून आलेला १०.६५.१५३.१२८/२५ समोर येतो. स्टॅटिकची अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूट कुठून आला त्यावरून ठरणारा आकडा, लहान तो वरचढ) १ आणि बीजीपीची २०, म्हणून स्टॅटिकच चालेल असं वाटतं. पण ती तुलनाही एकाच प्रीफिक्सपुरती. म्हणजे /२४ चा नल हा अडवण्याचं हत्यार म्हणूनही कच्चा होता. आदेशातले तीन पत्ते तीन /३२ म्हणून लिहिले असते, तर अडवणूक पक्की झाली असती, उरलेल्या २५३ पत्त्यांना धक्का लागला नसता, आणि ते चुकून बाहेर सांडले असते तरी बहुतेक जाळ्यांनी गाळून टाकले असते, कारण /२४ पेक्षा लांब प्रीफिक्स इंटरनेटवर सहसा कोणी घेत नाही.

ही शेवटची गोष्ट दुधारी आहे. आर३ वर आर४ कडून येणाऱ्या रूटना 'परमिट ०.०.०.०/० एलई २४' (म्हणजे /२४ पर्यंतचेच घ्या) ही यादी लावा आणि पुन्हा बघा: /२५ गाळले जातात, आर३ परत आर२ च्या नल कडे. म्हणून ज्याच्या हातात /२२ आहे त्याला निदान /२४ पर्यंत उतरून लढता येतं. ज्याच्याकडे एकच /२४ आहे, त्या लहान पुरवठादाराला वरचढ होण्यासाठी खालची पायरीच नाही. त्याला फोनच उचलावा लागतो.

पाचवा टप्पा: जिथे खरं कुलूप हवं होतं

आर१ ने दोन उपाय केले, दोन्ही अर्धे. आर३ वर योग्य यादी असती तर एकही लागला नसता.

आयपी प्रीफिक्स-लिस्ट ग्राहक-आर२ सीक ५ परमिट १०.२.०.०/२२ एलई २४
राउटर बीजीपी ६५३४९
 अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ युनिकास्ट
  नेबर १०.०.२३.२ प्रीफिक्स-लिस्ट ग्राहक-आर२ इन
  नेबर १०.०.२३.२ सॉफ्ट-रिकन्फिगरेशन इनबाउंड

'एलई २४' विसरलं तर यादीत फक्त नेमका /२२ बसतो, आणि ग्राहकाने उद्या त्याचे तुकडे जाहीर केले की तक्रार येते. यादीचं नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं तर काही सॉफ्टवेअर सगळं आत घेतात, काही सगळं अडवतात. म्हणून यादी लावल्यावर तपासणी दोन्ही अंगांनी करायची: ग्राहकाचा खरा गट आला का, आणि परका गळला का. शेवटच्या ओळीमुळे 'रिसीव्हड-रूट्स' मध्ये ग्राहकाने काय पाठवलं ते जसंच्या तसं दिसतं आणि 'फिल्टर्ड-रूट्स' मध्ये काय गाळलं ते. १०.६५.१५३.०/२४ दुसऱ्या यादीत दिसला पाहिजे. जुन्या सिस्को आयओएसवर यादी बदलल्यावर 'क्लिअर आयपी बीजीपी' ची सॉफ्ट इन आवृत्ती चालवल्याशिवाय आधी घेतलेले रूट हलत नाहीत. 'सॉफ्ट' हा शब्द गाळलात तर आख्खं सेशन पडतं आणि ग्राहक अंधारात.

इतर दोन कुलपं पुष्कळ लोक लावतात, पण या प्रकरणात ती निरुपयोगी ठरली असती. एएस पाथची अट, म्हणजे पाथमध्ये फक्त ग्राहकाचा एएस असावा: चोरट्याच्या रूटचा पाथ अगदी स्वच्छ होता, तो पास झाला असता. कमाल प्रीफिक्सची मर्यादा: एकच प्रीफिक्स जास्तीचा आला, मर्यादा कुठून ओलांडणार? ही दोन्ही कुलपं हजारो रूटच्या लोंढ्यासाठी चांगली. एका /२४ साठी यादीच हवी. शेकडो ग्राहक असतील तर याद्या हाताने सांभाळता येत नाहीत. रूटिंग नोंदवह्यांमधून त्या बनवणारं बीजीपीक्यू४ हे साधन रोज चालवावं लागतं.

आर२ च्या बाजूची दुरुस्ती दोन थरांची. अडवण्याच्या प्रत्येक स्टॅटिकला टॅग द्या, रिडिस्ट्रिब्यूटवर रूट-मॅप लावा, आणि वर बाहेर जाणारी यादी:

आयपी रूट १०.६५.१५३.२३८/३२ नल० टॅग ६६६
आयपी प्रीफिक्स-लिस्ट आमचे सीक ५ परमिट १०.२.०.०/२२ एलई २४
रूट-मॅप स्टॅटिक-आत डिनाय ५
 मॅच टॅग ६६६
रूट-मॅप स्टॅटिक-आत परमिट १०
 मॅच आयपी अ‍ॅड्रेस प्रीफिक्स-लिस्ट आमचे
नेबर १०.०.२३.३ प्रीफिक्स-लिस्ट आमचे आउट

जाळ्यात दहा-वीस राउटर असतील आणि अडवलेला पत्ता सगळ्यांकडे पोहोचवायचा असेल, तर 'डिनाय' ऐवजी 'परमिट' करून 'नो-एक्सपोर्ट' कम्युनिटी (रूटला डकवलेली चिठ्ठी) लावतात; ती असलेला रूट आतल्या राउटरांत फिरतो, बाहेरच्या शेजाऱ्याला जात नाही. इथे एक जुना सापळा आहे. सिस्को आयओएसवर आतल्या शेजाऱ्यालाही 'सेंड-कम्युनिटी' लिहिल्याशिवाय कम्युनिटी जात नाही. रूट आतल्या राउटरवर पोहोचतो, 'नो-एक्सपोर्ट' वाटेत गळून पडतं, आणि सीमेवरचा राउटर तो निरागसपणे जगाला देतो. म्हणून बाहेर जाणारी यादी हा दुसरा थर कधीही काढायचा नाही. सीमेवरच्या प्रत्येक राउटरवर 'अ‍ॅडव्हर्टाइज्ड-रूट्स' ही आज्ञा चालवून बघा. धोरण लागल्यानंतर प्रत्यक्षात बाहेर काय जातं ते तिथेच कळतं.

भारतातल्या वाचकाला हा भाग परका नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खालचे अडवणुकीचे आदेश इथल्या पुरवठादारांनाही पाळावे लागतात, आणि आयपी पत्ता अडवायचा म्हटलं की हात आधी नल रूटकडेच जातो.

आरपीकेआय असतं तर

आरपीकेआय म्हणजे कोणता गट कोणत्या एएसने जाहीर करायचा याची सही केलेली नोंद (आरओए) तपासण्याची सोय; २००८ मध्ये ती नव्हती. आज /२२ साठी 'एएस ६५३६१, कमाल लांबी २२' असा आरओए असेल तर एएस ६५१७५ कडून आलेला /२४ 'इनव्हॅलिड' ठरतो. लॅबमध्ये बघायचं तर एफआरआरचा आरपीकेआय भाग सुरू करा, रूटिनेटर (आरओए तपासणारं साधन) चालवा आणि त्याच्या स्थानिक अपवादांच्या फाइलमध्ये ही नोंद घाला. एफआरआर नुसती अवस्था दाखवतो. रूट टाकायला रूट-मॅपमध्ये 'मॅच आरपीकेआय इनव्हॅलिड' ला 'डिनाय' लिहावं लागतं. पुष्कळ ठिकाणी तपासणी चालू असते आणि ही ओळच नसते.

आता तिसरा टप्पा याच अवस्थेत पुन्हा करा. आर१ ने जाहीर केलेला स्वतःचा /२४ सुद्धा 'इनव्हॅलिड' येतो! कमाल लांबी २२, मग मालकालाही /२४ ची परवानगी नाही. दुसरीकडे आरओएत कमाल लांबी सरसकट २४ ठेवली, तर पाथच्या शेवटी मालकाचा एएस खोटा जोडून कोणीही /२४ जाहीर करू शकतो. २०२२ च्या आरएफसी ९३१९ ने म्हणूनच जाहीर न होणाऱ्या लांबीला परवानगी देऊ नका असं सांगितलं आहे. मधला मार्ग असा: आरओए जाहीर होणाऱ्या प्रीफिक्सपुरतेच, आणि संकटात लागणाऱ्या /२४ ची नोंद कशी करायची, पोर्टलचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे आधी लिहून ठेवलेलं. नवीन आरओए जगभरच्या तपासणाऱ्यांपर्यंत लगेच पोहोचत नाही, तो वेळही हिशेबात धरा.

आवरताना

आर३ वर यादी लागली आणि आर२ चा /२४ टेबलमधून गेला की आर१ वरचे आणीबाणीचे प्रीफिक्स काढायचे. आधी दोन्ही /२५, मग आर५ आणि आर३ वर पत्ता लिहून विचारा: आर१ चा /२४ दिसतो का, ट्रेसराउट आर४ मार्गे जातो का. मग /२४ काढा आणि /२२ वर परत आल्याची तीच तपासणी. उलट क्रमाने काढू नका. /२५ उभे असताना पत्त्याची चौकशी कायम /२५ च दाखवते आणि खालचा /२४ कोणाचा आहे हे झाकून ठेवते. प्रत्येक 'नेटवर्क' ओळीसोबत तिचा नल रूटही काढा. राहून गेला तर उद्या त्याच राउटरवर कोणी 'रिडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक' लिहील.